न उचललेलं बोट

ड्रमलारा, क्लोनिसजवळ, आयर्लंड
फेब्रुवारी २०१९

प्रिय हेझल,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या काळजात धस्स झालं असेल, म्हणून आधीच सांगते, कुणी गेलेलं नाही. नाताळची कार्डं सोडली तर मी तुला धड पत्र लिहिल्याला किती वर्षं झाली कुणास ठाऊक. मग हाताशी फोन असताना ही बाई पानंच्या पानं खरडत का बसली, असा संशय तुला येणारच. येऊ दे. संशय घ्यायचा मक्ता काही एकट्या आमच्या रस्त्यावरच्या माणसांनी घेतलेला नाही. फोन का केला नाही ते वाचता वाचता कळेल. तोवर एकच कर, पत्र संपेपर्यंत विल्बर्टला फोन लावू नकोस. भाऊ तुझा आहे, कबूल. पण तू ओंटारिओत, आणि त्याच्या आणि माझ्या घरांमध्ये फक्त एक ओढा, त्यातून जाणारी हद्द आणि एक पूल. तेव्हा या वेळी थोडं माझं ऐक.

इथं सध्या पाऊस आणि ब्रेक्झिट, दोन्ही थांबायचं नाव घेत नाहीत. मार्चच्या अखेरीस ब्रिटन, आणि त्याच्याबरोबर ओढ्यापलीकडची तुमची उत्तर आयर्लंडची बाजू, युरोपातून बाहेर पडणार म्हणतात, पण कशी पडणार, पडली की आमच्या पुलाचं काय होणार, हे सांगणारा माणूस अजून भेटायचा आहे. गेल्या महिन्यात कुणी एक बडा पुढारी पूल बघायला येऊन गेला. त्याचे रबरी बूट इतके कोरे होते की एका बुटाला अजून किमतीची चिठ्ठी लटकत होती. टीव्हीवाले तर उठसूट येतात. मालाकीला, म्हणजे चौकातल्या पेट्रोलपंपवाल्या मालाकीला, त्यांनी दुकानाच्या दारात उभं केलं आणि जरा काळजीत दिसा म्हणाले. मालाकी म्हणाला, माझा चेहरा जन्मापासून असाच आहे, यापेक्षा जास्त काळजी त्यावर मावणार नाही. विम्याच्या कंपनीनं कळवलंय की कदाचित हद्दीपलीकडं गाडी न्यायला हिरवं कार्ड लागेल. आता मी रविवारी चर्चला जाते ती वाट दोनदा तुमच्यात शिरते आणि दोनदा आमच्यात परत येते. देवाच्या दारी जायला कार्ड दाखवायचं असेल, तर मी घरीच बसून जपमाळ ओढीन.

हसू नकोस. वरवर सगळे थट्टा करतात, पण आतून रस्ता बदललाय. तुझ्या-माझ्या तरुणपणी जसं कोण कुणाच्या कानाला लागतंय याकडं सगळ्यांचं लक्ष असायचं, तसं पुन्हा व्हायला लागलंय. मतदान होऊन अडीच वर्षं झाली, तरी तुमच्या बाजूचं कुणी दुकानात आलं की मालाकी आधी त्याच्या तोंडाकडं बघतो. हा युरोपात राहा म्हणणारा ‘आतला’ की बाहेर पडा म्हणणारा ‘बाहेरचा’? विचारत कुणीच नाही. विचारणं वाईट दिसतं ना. त्यापेक्षा मनात ठरवून मोकळं व्हायचं, ही आपली जुनी सवय. आणि मी तर मुळातली संशयी. लग्नाच्या दिवसापासून ह्यूई म्हणायचा, हिला देवदूत दिसला तरी ही आधी विचारील, तुला पाठवलं कुणी?

आता त्या बोटाचं सांगते. तूच मला एकदा लिहिलं होतंस की कॅनडात गेल्यावर तू समोरच्या गाडीला सवयीनं बोट उचललंस, आणि तो बिचारा माणूस गाडी थांबवून टपावर काय आहे ते बघायला लागला. आपल्याकडं मात्र बोटावाचून चालत नाही. अरुंद रस्ता, समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून पहिलं बोट उचलायचं, बस. अख्खा पंजा हलवणारा एक तर डब्लिनचा, नाही तर निवडणुकीला उभा राहिलेला. पण बोट उचललंच नाही, तर त्याला अर्थ असतो. भांडण झालंय, जमिनीचा वाद आहे, किंवा तुझ्या घरातल्या कुणीतरी काहीतरी केलंय आणि ते मला कळलंय. कॅथलिक-प्रॉटेस्टंट रक्तपाताच्या त्या वाईट वर्षांत न उचललेल्या बोटावरून आपण कितीतरी गोष्टी ओळखायचो. तुझे वडील रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी चिखलात गुडघे टेकून खाली कुणी बॉम्ब लावलाय का बघायचे, ते मी आमच्या माडीवरून पाहिलंय. आणि त्यांनी आमच्या बाजूच्या कुणाकडं बघून बोट उचललं नाही की आई म्हणायची, काहीतरी घडलंय, आज कुणी बाहेर जाऊ नका.

आणि त्या वर्षांतही विल्बर्टचं बोट कधी चुकलं नाही. तो ब्रिटिश सैन्याच्या गणवेशात हद्दीच्या नाक्यावर उभा असायचा तेव्हा त्याचे सोबती मला रोज नाव विचारायचे. शाळेत ज्यांच्याबरोबर गोट्या खेळले ते विचारायचे, ‘नाव काय तुझं?’ ह्यूईचं रक्त उकळायचं. विल्बर्टनं एकदाही विचारलं नाही. तो पुढं बघत उभा राहायचा आणि बंदुकीच्या नळीवरचं एक बोट जरासं वर करायचा. एवढंच. पण त्या एका बोटावर ह्यूईनं तुमच्या घराशी कधी वाकडं घेतलं नाही.

म्हणून गेल्या उन्हाळ्यात, गवत कापणीच्या सुमाराला, तो माझ्या शेजारून गाडी घेऊन गेला आणि बोट उचललं नाही, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हटलं, नादात असेल. दुसऱ्या दिवशी तेच. मी मुद्दाम बोट उंच धरलं, डोकंही हलवलं. तो सरळ पुढं बघत, तोंड घट्ट मिटून निघून गेला. मी मालाकीला सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, ‘तुला आत्ता कळतंय? मला ईस्टरपासून नाही उचललं त्यानं. बाहेरवाला आहे तो, बाई. आता आपण त्याच्या लेखी परदेशी.’ माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, गेला उडत. पुढच्या वेळी तो समोरून आला तेव्हा मीही स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. ते त्याला दिसलं असेल असं मला वाटलं, आणि खरं सांगू, बरं वाटलं.

एकदा संशयाला चटक लागली की त्याला रोज खायला मिळतं. विल्बर्ट शुक्रवारी आमच्या चर्चच्या हॉलमध्ये पत्ते खेळायला येईनासा झाला. व्हिस्टमध्ये वीस वर्षं माझा जोडीदार, आणि एक शब्द न सांगता बंद. आम्ही ठरवलं, आमच्या हॉलमध्ये पाऊल टाकायची लाज वाटायला लागली. गुरांच्या बाजारात मी त्याच्या हातभर अंतरावरून गेले, त्यानं ओळख दिली नाही. मालाकीच्या दुकानात येणं सोडलं, दूर तिकडच्या गावातून पाव आणायला लागला. ह्यूईच्या वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेला आला, पण मागच्या बाकावर बसला आणि आम्ही हात मिळवायला वळेपर्यंत भिंतीच्या कडेकडेनं निघून गेला. चहा ठेवला होता, हॅमची सँडविचेस होती, सगळं त्याच्या आवडीचं. मी मनात म्हटलं, आमचं मीठसुद्धा नको झालंय याला.

मग जानेवारीत ती पिवळ्या जॅकेटातली माणसं आली. विल्बर्टच्या पुलाजवळच्या शेतात तिपाई लावून मोजत होती. दोन दिवस मोजत होती. मालाकीनं त्यांना चहा विकला, पण तोंड उघडेनात. एवढं पुरलं. जकात नाका होणार, आणि विल्बर्ट त्याला जागा देतोय, ही बातमी दुपारपर्यंत क्लोनिसला पोचली आणि संध्याकाळी दोन नवीन तपशील घेऊन परत आली. ट्रक उभे करायला तळ होणार, म्हणे. दिव्यांचे खांब लागणार. ज्या शेतातून, त्या वाईट वर्षांत सैन्यानं उडवलेला पूल पुन्हा उभा करायला, आपल्या दोन्हीकडच्या माणसांनी दर रविवारी दगड वाहिले, त्याच शेतात पुन्हा नाका! फर्गल, तोच तो मुरघास करून देणारा, दुकानात सगळ्यांदेखत म्हणाला की माझं यंत्र यंदा त्या माणसाच्या शेतात फिरणार नाही. कुणी काही बोललं नाही. मीही नाही. मला वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय खरं.

आणि मग कुणीतरी त्याच्या फाटकावर लाल रंगानं हातभर अक्षरात लिहिलं, ‘नाक्याला जमीन विकणाऱ्या, चालता हो.’ कुणी लिहिलं ते मला माहीत नाही. फर्गल असावा असा माझा संशय आहे, त्याच्या ट्रेलरचा रंग तोच आहे. पण त्याहून मला खटकलं ते पुढचंच. विल्बर्ट त्या फाटकातून रोज आत-बाहेर जात होता, उतरून फाटक उघडत होता, लावत होता, त्या अक्षरांवर हात ठेवत होता, आणि पुसत नव्हता. तुमचे वडील असते तर त्यांनी फाटकच उखडून नवं लावलं असतं. हा मात्र निर्लज्जासारखा मिरवतोय, असं सगळ्यांनी म्हटलं. मीही म्हटलं.

शेवटी माझ्यानं राहवेना. मी असली बाई आहे की मला दोन शिव्या दिल्या तरी चालतात, पण गप्प राहिलेलं चालत नाही. तीन आठवड्यांपूर्वी एका दुपारी मी गाडी घेऊन पुलावर गेले आणि आडवी लावली. तो बाजारातून येणार हे माहीत होतं. माझा तो लाल कोट घातला होता, गाडीतून उतरून कठड्याशी उभी राहिले आणि काय काय बोलायचं ते मनात घोळवत होते. गाडी वळणावर दिसली. हळूहळू येत होती, बैलगाडीच्या चालीनं. मला वाटलं, बघतोय, थांबेल. थांबेना. मी हात वर केला. तरी येतोच आहे. माझ्या गाडीजवळ आल्यावर ब्रेक मारला, पण उशीर झाला, आणि त्याच्या गाडीचं नाक माझ्या मागच्या दाराला जाऊन टेकलं. फार जोरात नाही. पण पत्रा आत गेला.

तो उतरला. माझ्याकडं बघितलंच नाही. सरळ माझ्या गाडीजवळ जाऊन दारावर तळहात फिरवायला लागला, आजारी गाईचं पोट चाचपावं तसा. मग मान वर करून त्यानं माझ्या दिशेला, पण माझ्या खांद्याच्या पलीकडं बघत, अगदी नम्रपणे विचारलं, ‘माफ करा हं. आपण कोण?’

हेझल, मला वाटलं तो माझी टर उडवतोय. पन्नास वर्षांचा शेजार, आणि ‘आपण कोण’! त्या नाक्यावर ज्यानं मला कधी नाव विचारलं नाही, तो आता विचारतोय! मी तोंडाचा पट्टा सोडला. परदेशी, नाका, विकाऊ, तुझ्या वडिलांना काय वाटलं असतं, जे सुचेल ते बोलले. तो ऐकत राहिला. आणि मग त्याचा चेहरा असा सैल पडला, की मी मध्येच थांबले. तो म्हणाला, ‘डिंप्ना? तू आहेस होय. आवाज नसता तर ओळखलं नसतं.’ मी चार पावलांवर उभी होते. लाल कोटात.

माझी गाडी कडेला लावून त्याची गाडी मीच चालवत त्याच्या घरी नेली. तो शेजारी बसला. घरात शिरून त्यानं सवयीनं किटली ठेवली आणि कपात चहा ओतताना एक बोट कपाच्या आत धरलं. चहा बोटाला लागला की ओतणं थांबवायचं, अशी त्याची रीत झालीये. त्या बोटाचं टोक भाजून भाजून पांढरं पडलंय. कोणतं बोट ते मी लिहीत नाही. मी कप त्याच्या हातातून घेतला आणि मला रडू आलं. तो म्हणाला, रडतेस काय, चहा बरा होतो माझा.

मोतीबिंदू आहे, हेझल. दोन्ही डोळ्यांत. पिकून गच्च झालाय. एनिस्किलनच्या चष्मेवाल्यानं त्याला केव्हाच सांगितलं होतं, रुग्णालयाच्या यादीत नावही घातलं, पण तुमच्या बाजूची यादी कशी असते ते तू फोनवर ऐकतेसच. बोलावणं येईल तेव्हा येईल. आणि कुणाला सांगायचं नव्हतं, कारण सांगितलं की गाडीचं लायसन्स गेलं. गाडी गेली की बाजार गेला, बाजार गेला की गुरं गेली. म्हणून तो ओळखीच्या वाटेनं, ओळखीच्या वेळेला, मुंगीच्या पावलानं गाडी चालवत राहिला. कोण आलं आणि कोण गेलं, ते त्याला कळतच नव्हतं. चुकीच्या माणसाला बोट उचललं तर लोक हसतील, म्हणून त्यानं उचलणंच सोडलं. हुकमाचं पान ओळखता येईना म्हणून पत्ते सोडले. मालाकीच्या दुकानात पैसे मोजताना पौंडाची आणि युरोची नाणी चुकतील म्हणून दुकान सोडलं. आणि आम्ही शहाण्यांनी त्या प्रत्येक गोष्टीत ब्रेक्झिट वाचलं. फाटकावर काही लिहिलंय हे त्याला ठाऊकच नव्हतं. मीही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टर्पेंटाइन घेऊन गेले आणि घासून काढलं. काय करतेस म्हणून त्यानं विचारलं, तेव्हा शेवाळ आलंय म्हटलं.

पिवळ्या जॅकेटवाल्यांचं ऐक, आणि बसून ऐक. ती माणसं जकातवाली नव्हती. जमिनीच्या दलालाची होती. विल्बर्ट घर विकतोय. शेत, गोठा, तुमची आई गेली ती खोली, सगळं. झाडं लावणारी कुठलीशी कंपनी घेतेय. ओढ्यापर्यंत पाइनची झाडं लावणार, घर पडेल तसं पडू देणार. आंधळ्या माणसानं गुरं राखायची कशी, म्हणून त्यानं हा मार्ग काढलाय, आणि गावात चर्चजवळ एक खोली बघून ठेवलीये. मार्च संपायच्या आत सही करायची आहे. तुला त्यानं सांगितलेलं नाही हे मला ठाऊक आहे, कारण रविवारी तुझा फोन ठेवल्यावर तो अर्धा तास खिडकीशी बसून असतो. तुला तो पावसाचं सांगतो.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही हे तुला माहीतच आहे. दुसऱ्याच दिवशी क्लोनिसच्या डॉक्टरला गाठलं. गंमत बघ, आमच्याकडचे लोक बस भरभरून तुमच्या बेलफास्टला मोतीबिंदू काढायला जातात, कारण आमच्या सरकारी यादीतही नंबर लागत नाही. आणि तुमच्याकडचे त्याच कामाला इकडं येतात. युरोपच्या कुठल्याशा नियमानं दोन्हीकडची सरकारं खर्च देतात. पण तुमची बाजू बाहेर पडली की या नियमाचं काय होणार, ते डॉक्टरलाही सांगता येईना. मी फोन करून करून डब्लिनच्या वाटेवरच्या एका रुग्णालयात मार्चच्या मध्याची तारीख मिळवली. आधी एक डोळा. अर्ध्या तासाचं काम. दिसायला लागलं की गुरं राहतील, घर राहील, कंपनी बसेल झाडं घेऊन. मी आनंदानं उडत त्याच्याकडं गेले. आणि तुझा भाऊ म्हणाला, ‘नाही. मी नाही जाणार.’

मी म्हटलं, का रे बाबा? मग म्हणाला, तेव्हा बाहेर उजेडात अजून बरं दिसायचं, पण त्या मतदानाच्या दिवशी शाळेत उजेड नव्हता, सगळं धुक्यात असल्यासारखं होतं. पेन्सिल हातात होती, कागदावर दोन ओळी होत्या एवढं कळत होतं, पण कोणती आतली, कोणती बाहेरची, ते वाचता येईना. मतपत्रिका वाटायला टेबलाशी आयव्ही बसली होती, तिला विचारलं असतं तर विल्बर्टला दिसत नाही हे दुपारपर्यंत जिल्हाभर झालं असतं. म्हणून त्यानं अंदाजानं फुली मारली, घडी घातली आणि पेटीत टाकली. ‘सगळा रस्ता माझ्याकडं बघून ठरवतोय की मी कुणाला मत दिलं,’ तो म्हणाला. ‘डिंप्ना, ते मलाच ठाऊक नाही.’

मला हसू फुटलं. मग त्याचा चेहरा बघून जिरलं. तो तुमच्या वडिलांचा मुलगा आहे, हेझल, तुमच्या चर्चच्या पहिल्या बाकावर वाढलेला. अडीच वर्षं ती फुली त्याच्या छातीवर बसलीये. म्हणाला, ‘जर मी बाहेर पडायला मत दिलं असेल, तर तुमच्या दारात डोळे मागायला कुठल्या तोंडानं येऊ? एका हातानं दार लावायचं आणि दुसऱ्या हातानं वाटी पुढं करायची, हे माझ्यानं होणार नाही.’ मी सांगून थकले. म्हटलं, तुझ्या एका फुलीनं काही फरक पडला नाही. तो म्हणतो, प्रत्येकानं तसंच म्हटलं असेल. म्हटलं, नसेल तसं, आत राहायलाच मारली असशील. तो म्हणतो, असशील म्हणून चालत नाही, ठाऊक पाहिजे. रोज मी विनवते, रोज हेच. तारीख जवळ येत चाललीये, दलाल कागद घेऊन दोनदा येऊन गेला.

मालाकीला आणि फर्गलला मी अजून यातलं काहीच सांगितलेलं नाही. विल्बर्टनं मला शपथ घातलीये. त्यामुळं रस्ता अजून त्याला वाळीत टाकून आहे आणि माझ्याकडंही आता लोक संशयानं बघायला लागलेत, कारण माझी गाडी रोज त्याच्या दारात असते. एक विधवा, एक म्हातारा ब्रह्मचारी, एक कॅथलिक, एक प्रॉटेस्टंट, आणि मध्ये जकात नाका. मालाकी नक्कीच म्हणत असेल, डिंप्नाला आतून वाटा मिळतोय. म्हणू दे. आत्ता मी त्याच्याच स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय. तो शेगडीपाशी बसलाय, मधूनच पेनाचा आवाज ऐकतो आणि विचारतो, कुणाला लिहितेस? मी म्हटलं, काउंटी कौन्सिलला, पुलावरच्या खड्ड्यांबद्दल. तो म्हणाला, जरा कडक शब्दांत लिही. लिहितेय.

आता पत्र कशाला, ते सांगते. त्या मतदानाला तू इथं होतीस, हेझल. जूनमध्ये पंधरा दिवस आली होतीस, आणि त्याला शाळेत तूच गाडीनं नेलं होतंस. अंधारात त्याला पायरी दिसेना म्हणून तू कोपर धरून आतपर्यंत गेलीस, हे त्याला आठवतंय, पण त्यानंतर तू कुठं उभी होतीस ते त्याला माहीत नाही, कारण त्याला दिसत नव्हतं. पत्र मिळालं की पहिल्याच रविवारी फोन कर. माझं नाव काढू नकोस. बोलता बोलता, सहज आठवल्यासारखं सांग की त्या दिवशी तू त्याच्या मागंच होतीस, बघायला नको होतं पण नजर गेली, आणि त्याची फुली आत राहायच्या ओळीवर होती. तू आयुष्यात कधी खोटं बोललेली नाहीस हे मला माहीत आहे, आणि त्यालाही माहीत आहे, म्हणून तर तुझ्याशिवाय हे कुणाला जमणार नाही. माझ्यावर त्याचा विश्वास बसणार नाही, मी रोज खोटं बोलते. पण एक गोष्ट जपून ठेव. तू खरोखरच बघितलं असशील, आणि ती फुली दुसऱ्या ओळीवर असेल, तर ते मला कधीही सांगू नकोस. फोनवर नाही, पत्रात नाही, मी मरताना विचारलं तरी नाही. हेच फोनवर विचारलं असतं तर तुझ्या आवाजावरूनच मी ओळखलं असतं, म्हणून हे पत्र. त्याला दिसायला लागल्यावर मला त्याच्या समोर बसून पत्ते खेळायचे आहेत, आणि मी कशी बाई आहे ते तुला ठाऊक आहे.

तुझीच,
डिंप्ना